कुलपातली गोळी, उघड्यावरची मिश्री

तोंड परत मिळालंय, तर आधी बोलून घेते. सहा-सात महिने बोलायचं नाही, हसायचं नाही, गिळायचं तर घोट घोट, असं सगळं बंद होतं. त्यामुळे आत बरंच साठलंय. मी मूळचीच बोलघेवडी. के. आर. पुरमला स्टेशनजवळच्या औषधाच्या दुकानात मी काउंटर सांभाळते. तिथं लोक खोकल्याचं औषध घ्यायला येतात आणि माझं व्याख्यान ऐकून जातात, असं आमचे हे म्हणतात. म्हणू देत. आता त्यांना सुद्धा माझं व्याख्यान गोड लागतंय.

मी शोभा. माहेर निपाणीचं, शिक्षण फार्मसीचं, लग्न होऊन बेंगळूरला आले त्याला तीस वर्षं झाली. दुकान मालकाचं, पण बावीस वर्षं राज्य माझंच. मला हिरडीचा कॅन्सर झाला होता. बरी झाले. आता जे सांगणार आहे ते सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही, कारण आजाराइतकीच एक गोष्ट मला नव्यानं कळली आणि ती मला बावीस वर्षांपूर्वीच कळायला पाहिजे होती.

माझं कपाट

आमच्या दुकानात औषधं तीन ठिकाणी राहतात. तापाची, पित्ताची, अंगदुखीची साधी औषधं समोरच्या फळ्यांवर. ज्यांना चिठ्ठी लागते आणि ज्यांची वहीत नोंद करावी लागते ती काउंटरमागच्या खणात. आणि कडक नियमाची थोडीशी एका लोखंडी कपाटात, कुलूप लावून. त्या कपाटाची किल्ली माझ्या पर्समध्ये, आणि पर्स माझ्या नजरेसमोर. तपासणीला साहेब आले की मी वही पुढं करायची आणि त्यांना चहा विचारायचा. बावीस वर्षांत माझ्या वहीत एक खाडाखोड नाही. याचा मला गर्व होता, खोटं कशाला बोलू.

त्यातनं डोक्यात एक पक्कं बसलं. जे कुलपात ते वाईट. जे उघड्यावर ते निर्धोक. चिठ्ठीशिवाय कुणी दुखण्याची कडक गोळी मागायला आलं, की मी त्याच्याकडं अशी बघायची की तो परत यायचा नाही.

आणि दुकानाच्या मागच्या बाजूला, बेसिनवरच्या कोनाड्यात, माझी मिश्रीची डबी.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, कुटायची, वस्त्रगाळ करायची, आणि बोटानं दात-हिरड्यांना लावायची. आमच्या निपाणीकडं सकाळी चुलीपुढं बायका मिश्री लावत बसल्या की अख्ख्या गल्लीच्या बातम्या तिथंच कळायच्या. माझ्या आईनं लावली, मावश्यांनी लावली, मी दहावीत दाढ दुखली तेव्हा लावली ती लावलीच. सकाळी एकदा, दुपारी जेवणानंतर एकदा, संध्याकाळी गर्दी सुरू व्हायच्या आत एकदा. मिश्री लावल्याशिवाय मला परसाकडं सुद्धा होत नसे. धाकटी बहीण मंगल घरची भाजून डबी पाठवायची, कारण बेंगळूरच्या मिश्रीला आमच्याकडचा वास नाही.

आमच्या घरात तिला कुणी तंबाखू म्हणत नसे. तंबाखू पुरुष खातात. ती मळायची, थुंकायची, ती वाईट. मिश्री म्हणजे दातवण.

"नाही"

उजवीकडच्या खालच्या हिरडीवर एक पांढरट चट्टा आला होता. मी त्याला लवंगेचं तेल लावलं, मिठाच्या गुळण्या केल्या, आणि दुकानातलंच एक मलम लावलं. दुसऱ्यांना "दोन आठवड्यांत बरं नाही झालं तर डॉक्टरला दाखवा" म्हणणारी मी स्वतः चार महिने थांबले. दिव्याखाली अंधार तो हाच. शेवटी दात हलायला लागला तेव्हा मेट्रोत बसून इंदिरानगरच्या दातांच्या डॉक्टरकडं गेले. तो दाताला हात लावेना. म्हणाला, आधी एक तुकडा तपासायला पाठवू.

तपासणीचा निकाल घ्यायला मोठ्या हॉस्पिटलात गेलो तेव्हा सोबत हे होते आणि आमची रश्मी होती. रश्मी एकुलती एक, इलेक्ट्रॉनिक सिटीत नोकरी, तिथंच मैत्रिणींबरोबर राहते. ती सुट्टी टाकून आली तेव्हाच मला कळायला हवं होतं.

आधी एक फॉर्म भरून घेतला. दारू? नाही. सिगारेट? नाही. तंबाखू कुठल्याही प्रकारे? मी ठणकावून "नाही" सांगितलं आणि सही केली. शपथेवर सांगते, खोटं बोलतेय असं मला वाटलंच नाही.

डॉक्टर म्हैसूरकडच्या, वयानं माझ्याहून लहान. त्यांनी टॉर्च मारून तोंडात बघितलं, फॉर्म बघितला, परत तोंडात बघितलं.

"अक्का, हिरड्या काळ्या कशानं झाल्या?"

"मिश्रीनं."

"म्हणजे काय?"

मी कन्नडमध्ये सांगायला लागले, दात घासायची पूड असते, आमच्याकडच्या बायका लावतात. हे पण मान हलवून म्हणाले, "हो हो, पावडर." तेवढ्यात रश्मी मध्येच बोलली. इंग्रजीत बोलली, डॉक्टरकडं बघून, माझ्याकडं न बघता.

"भाजलेली तंबाखू आहे ती, डॉक्टर. दिवसातनं तीनदा. मी जन्मल्यापासून बघतेय."

डॉक्टरांनी फॉर्मवरचं माझं "नाही" खोडलं आणि वर "हो" लिहिलं. माझ्या आयुष्यातली पहिली खाडाखोड. मग त्यांनी कॅन्सर हा शब्द उच्चारला, पण तो मला नंतर ऐकू आला. आधी मला लाज वाटली, आणि लाजेपाठोपाठ लेकीचा राग आला. भर डॉक्टरसमोर आईचं व्यसन काढते म्हणजे काय. बाहेर आल्यावर ती पोर खांबाला टेकून रडत होती आणि मी तिच्याशी भांडत होते.

रांग

ऑपरेशन झालं. हिरडी आणि जबड्याच्या हाडाची कड काढली, मानेतल्या गाठी काढल्या. त्याबद्दल फार सांगत नाही. शुद्धीवर आल्यावर जीभ जागेवर आहे हे कळलं आणि जीव भांड्यात पडला, एवढं पुरे.

नंतर सहा आठवडे शेक, म्हणजे रेडिएशन. सोमवार ते शुक्रवार, रोज सकाळी. चेहऱ्याच्या मापाची जाळी घालून टेबलाला घट्ट बांधून ठेवतात आणि मशीन भोवती फिरतं. पाच-सात मिनिटांचं काम, पण रांगेत दोन तास जातात. या रांगेत मला इतकी चांगली माणसं भेटली की नातेवाइकांपेक्षा त्यांची आठवण जास्त येते. रोज शेजारी बसायचे ते एक होसूरचे गृहस्थ, निवृत्त ड्रायव्हर, घशाचा कॅन्सर. ते स्वतःहून कुजबुजत सांगायचे, "दारू आणि सिगारेट, अक्का. दोन्ही परवान्याच्या दुकानातनं घेतली. एकदाही कायदा मोडला नाही." आणि आवाज गेलेला असल्यानं बिनआवाजाचं हसायचे. मला पण हसू यायचं, पण टाके ताणायचे.

एक नियम सगळ्यांना सारखा. तोंडाचा व्यायाम. ऑपरेशन आणि शेकानं जबडा आखडतो, रोज ताणला नाही तर दार गंजावं तसा बसून जातो. त्यासाठी आईस्क्रीमच्या लाकडी काड्या एकावर एक रचून दातांमध्ये सरकवायच्या. जितक्या काड्या बसतील तितकं तोंड उघडं. चांगल्या माणसाच्या तोंडात वीस-बावीस बसतात. ऑपरेशननंतर माझ्या चौदा बसत होत्या. बाहेर बाकावर आम्ही दहा-बारा जण तोंडात काड्या धरून बसलेले असायचो आणि एकमेकांना बोटांनी आकडे दाखवायचो.

गीता सिस्टर आमची परीक्षा घ्यायच्या. दुखणं कमी करायच्या विभागातल्या सिस्टर त्या, उंच, बोलायला खणखणीत. "स्वल्प बायी तेगीरी, अक्का," म्हणायच्या, जरा तोंड उघडा, आणि काड्या मोजायच्या.

तिसऱ्या आठवड्यात तोंड आतनं सोलून निघालं. कशासारखं सांगू? तिखटाच्या डब्यात तोंड बुडवून ठेवावं आणि वर गरम पाणी ओतावं. थुंकी गिळायची तरी दोन्ही हातांनी खुर्ची धरायची. काड्या चौदाच्या बारा झाल्या, बाराच्या नऊ. वजन उतरलं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, "व्यायाम थांबला तर जबडा असाच राहील. नंतर आम्हाला उघडता येणार नाही. आणि असंच उपाशी राहिलात तर नाकातनं नळी." मग त्यांनी मॉर्फिनच्या गोळ्या लिहून दिल्या.

गोदरेजच्या कपाटात

मॉर्फिन. माझ्या दुकानात ते कधी आलंच नाही. आमच्या कुलपाच्या कपाटापेक्षाही वरचं ते. ठेवायला वेगळी परवानगी लागते, म्हणून हॉस्पिटलातनंच मिळालं. दोन प्रतींत चिठ्ठी, ओळखपत्र, वहीत सही, प्रत्येक गोळी मोजून. त्या सगळ्या सोपस्कारानंच मी घाबरले. ज्या गोष्टीला एवढी कुलपं, ती गोष्ट काय असेल.

यांनी तर कमालच केली. घरी आल्या आल्या पाकीट गोदरेजच्या कपाटात, दागिन्यांच्या खणात ठेवलं, वर किल्ली फिरवली आणि किल्ली खिशात. हे आयुष्यभर कारखान्यात लेथवर काम केलेले, साधे, सरळ मार्गानं जाणारे.

"पोलीस केसची वस्तू आहे ती," हे म्हणाले. "अगदीच असह्य झालं तर बघू."

"मला नकोच," मी कागदावर लिहून दिलं, कारण बोलवत नव्हतं. "सवय लागेल."

आणि आता जे सांगणार आहे ते सांगताना मला स्वतःच्या कानाखाली वाजवावीशी वाटते. त्याच दिवशी दुपारी मी कळवळत होते तेव्हा हे माझ्यापाशी आले, मायेनं पाठीवर हात ठेवला आणि दुसऱ्या हातात मंगलची डबी होती.

"जरा मिश्री लाव डाव्या बाजूला. तेवढंच बधिर होईल. माझी आई दाढदुखीला हेच करायची."

मी लावली. डाव्या, चांगल्या बाजूला लावली. झोंबली, मग चक्कर आली, मग दहा मिनिटं बरं वाटलं. पुढचे चार दिवस लावत होते. कॅन्सरच्या शेकाला रोज जाणारी बाई घरी येऊन तंबाखू लावत होती, आणि तिच्या वेदनेचं औषध सोन्याच्या बांगड्यांशेजारी बंद होतं. फार्मसी शिकलेली बाई. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हे, आणि ती देणारे न्यायाधीश आम्हीच दोघं.

टेबलावर दोन वस्तू

पाचव्या दिवशी सात काड्या. गीता सिस्टरनं काड्या काढल्या, बोटाला लागलेलं काळं बघितलं. मला आणि यांना त्यांच्या खोलीत बसवलं. विचारलं, गोळ्या किती उरल्या?

"सगळ्याच. गोदरेजमध्ये कुलपात आहेत," हे म्हणाले. जरा अभिमानानंच.

"आणि हे?" त्यांनी काळं बोट दाखवलं.

मी पर्समधनं डबी काढून टेबलावर ठेवली. लपवायची ताकदच नव्हती. सिस्टरनं स्वतःच्या कपाटाला लावलेली तीन कुलपं उघडली, आतनं मॉर्फिनचं एक पाकीट काढलं आणि डबीशेजारी ठेवलं.

"तुम्ही दुकानदार आहात ना, अक्का. सांगा. या दोनातली कुठली वस्तू तुमचं तोंड खाऊन गेली?"

मी डबीकडं बोट केलं.

"आणि कुठली वस्तू तुमचं तोंड उघडू शकते?"

मी पाकिटाकडं बोट केलं. तेवढ्यानंच माझ्या डोळ्यांतनं पाणी यायला लागलं.

"मग तुमच्या घरात कुलूप यातल्या कशाला आहे?"

हे म्हणाले, "पण सिस्टर, सरकारनं उगीच कुलूप लावलं असेल का?"

सिस्टरना राग येईल असं मला वाटलं. त्या उलट खूश झाल्या, हाच प्रश्न कुणीतरी विचारावा म्हणून थांबल्यासारख्या.

"उगीच नाही. चुकीच्या हातात ही गोळी जीव घेईल. म्हणून कुलूप पाहिजेच, माझी पण तीन आहेत. पण कुलूप बघून तुम्हाला एवढंच कळतं, की ही वस्तू सरकारला किती भीतीदायक वाटली. शरीराचं किती नुकसान होतं ते कुलूप सांगत नाही. ते वेगळं विचारावं लागतं. उघड्यावरच्या डबीला पण विचारावं लागतं."

मला काय झालं म्हणून सांगू. तोंड जळत होतं, अंगात त्राण नव्हतं, आणि डोकं मात्र भराभर धावायला लागलं. माझ्या दुकानाच्या सगळ्या फळ्या डोळ्यांपुढं आल्या. समोरच्या फळीवरची तापाची साधी गोळी, मूठभर घेतली तर यकृताची वाट लावते, आणि ती मी चॉकलेटसारखी देते. दुकानासमोर दारूचं दुकान, बोर्डावर परवाना नंबर. डावीकडं पानपट्टी. एकाच झाडाचं पान भांग म्हणून वाटून प्यायलं तर कायदा कानाडोळा करतो आणि त्याच झाडाचा शेंडा गांजा म्हणून सापडला तर आत टाकतो. ही यादी कुणी केली? कुणी माणसांच्या हिरड्या, यकृतं, फुप्फुसं बघून केली? का कुठली वस्तू आपल्या आजोबांच्या खिशात होती आणि कुठली परक्याच्या, हे बघून केली?

मी सिस्टरकडनं पेन घेतलं आणि हे सगळं कागदावर लिहायला लागले. दोन पानं झाली. हे घाबरले, म्हणाले हिला ताप चढला वाटतं.

लिहिता लिहिता मला माझी आत्या आठवली. तिला गर्भाशयाचा कॅन्सर होता. शेवटचे दोन महिने ती गावात ओरडत होती. आजूबाजूच्या घरांना झोप लागायची नाही. आमच्या भागातनं तंबाखूचे ट्रक देशभर जातात, आणि तिच्यासाठी ही एवढीशी गोळी तालुक्यात कुणाकडं नव्हती, कारण ठेवायची परवानगी कोण मिळवणार, वह्या कोण ठेवणार. शेवटच्या दिवसांत आईनं तिच्या हिरड्यांना मिश्री लावली होती. मायेनंच. त्यावेळी मी फार्मसीच्या दुसऱ्या वर्षाला होते आणि मला ते सगळं बरोबरच वाटलं होतं.

कागदावर शेवटी मी लिहिलं, "घरी जाऊन घेते." सिस्टर म्हणाल्या, "घरी कशाला? आत्ता घ्या." आणि पाणी दिलं.

अकरा

तासाभरात काय झालं ते ऐका. नशा-बिशा काही नाही. हवेत तरंगणं नाही, रंग दिसणं नाही. मी वाटच बघत होते, आता येते का, मग येते का. फक्त कुणीतरी रेडिओचा आवाज हळूहळू कमी करावा तसं दुखणं लांब गेलं. आणि मला भूक लागली. तीन आठवड्यांनी खरी भूक. सिस्टरनं रागीची, म्हणजे नाचणीची, आंबील आणून दिली, मी पूर्ण वाटी प्यायले आणि वाटी पुढं केली. यांनी रुमालानं डोळे पुसले आणि मला म्हणाले, "हळू. ठसका लागेल."

मग काड्या. सात बसल्या. आठ. नऊ. सिस्टर एकेक सरकवत होत्या. दहावीला मी हात वर केला. थांबा म्हणून नाही, घाला म्हणून. अकरा बसल्या. बाहेर बाकावर गेले आणि होसूरच्या काकांना दोन्ही हातांची दहा बोटं आणि वर एक असं दाखवलं, तर त्यांनी उठून मला नमस्कार केला.

घरी आल्यावर यांनी गोदरेज उघडलं आणि पाकीट माझ्या उशाशी आणून ठेवलं. घड्याळ लावून चार चार तासांनी गोळी द्यायचं काम त्यांनी अंगावर घेतलं आणि लेथवरच्या शिस्तीनं केलं. डबी रश्मीनं नेली. काय केलं ते विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही. त्या आठवड्यात ती रोज संध्याकाळी बस बदलत येत होती, माझ्या तोंडात टॉर्च मारून बघायची आणि म्हणायची, "आई, आज लाली कमी आहे." एकदा मी तिला लिहून दिलं, "त्या दिवशी डॉक्टरसमोर खरं बोललीस म्हणून मी इथं आहे." तिनं कागद वाचला आणि घडी करून फोनच्या कव्हरमध्ये ठेवला.

मॉर्फिनचा त्रास झाला का? झाला. बद्धकोष्ठ. असं बद्धकोष्ठ, की गोळीबरोबर जुलाबाचं औषध दिलं होतं ते मी शहाणपणा करून दोन दिवस टाळलं आणि चांगली अद्दल घडली. घेणाऱ्यानं ते टाळू नये. दुपारी पेंग यायची. बाकी काही नाही.

शेक संपला तेव्हा तेरा काड्या. महिन्याभरानं सतरा. मऊ भात आणि आमटी, मग दशमी, मग एक दिवस सकाळी यांनी इडली आणली आणि मी ती चावली. चावली हो, गिळली नाही. त्या आनंदात मी मंगलला फोन लावला आणि तोंडात इडली घेऊन बोलले. तिला एक अक्षर कळलं नाही, पण ती रडली.

सवय

आता माझी मोठी भीती. गोळी सुटेल का? डॉक्टरांनी एकदम बंद केली नाही. दिवसाच्या सहावरनं चार, मग दोन, मग अर्धी, असं दहा-बारा दिवसांत उतरवली. मी रोज सकाळी उठून स्वतःची परीक्षा घ्यायची. आज हवीशी वाटते का? हात कापतोय का? काही नाही. दुखणं संपलं होतं, गोळीचं काम संपलं होतं. शेवटच्या दिवशी तर घ्यायचीच विसरले आणि यांनी आठवण केल्यावर म्हटलं, राहू दे.

सगळ्यांना असंच होईल असं मी म्हणत नाही. मी काउंटरवर बसून उलटं पण बघितलंय. पण डॉक्टर देतात तशी, दुखण्यापुरती घेतली, तर गोळीला भिऊन किंचाळत राहण्याची गरज नाही, एवढं मात्र छातीठोकपणे सांगते.

सात गोळ्या उरल्या. त्या परत करायच्या असतात. मागच्या महिन्यात तपासणीला गेलो तेव्हा मी पाकीट घेऊन गीता सिस्टरकडं गेले. त्यांनी सात मोजल्या, वहीत लिहिल्या, मी सही केली. पाकीट कपाटात गेलं. मला काहीच वाटलं नाही, वापरलेलं बसचं तिकीट द्यावं तसं दिलं.

"झालं?" सिस्टर म्हणाल्या. "अजून काही परत करायचंय?"

त्यांनी सहजच विचारलं होतं. मी पर्सची चेन उघडली आणि आतनं मिश्रीची एक पुडी काढून टेबलावर ठेवली. नऊ दिवसांपूर्वी मार्केटात घेतली होती. दुकानदारानं चिठ्ठी मागितली नाही, नाव विचारलं नाही. पुडी फोडली नव्हती, शपथ घेते. पण रोज मेट्रोत पर्समध्ये हात घालून ती आहे ना, एवढं बघत होते. यांना माहीत नव्हतं.

"ही ठेवून घ्या, सिस्टर. कुलपात."

सिस्टरनं वही माझ्याकडं फिरवली. "यात हिला रकाना नाही, अक्का. कायद्यानं मला ही घेता येत नाही. ही तुमचीच."

खोलीत कोपऱ्यात कचऱ्याचा डबा होता. पाच पावलं. मी पुडी घेऊन तिथपर्यंत गेले, झाकण उघडलं आणि उभी राहिले. मॉर्फिन देताना सहज उघडलेली मूठ आता उघडत नव्हती. जिनं माझा जबडा खाल्ला, तिच्यासाठी.

"तुम्ही टाका," मी यांना म्हटलं. "माझ्याच्यानं होत नाही."

यांनी माझी बोटं एकेक करून सोडवली आणि पुडी टाकली. आम्ही बाहेर पडलो, आणि दारातनं मी मागं वळून डब्याकडं बघितलं.